सलादीनचें औदार्य

दमास्कस शहरांत उमय्या मशिदीच्या उत्तर अंगाला एक लहानशी घुमटी आहे. बाराव्या शतकांतील मिसर व शाम या देशांचा सुलतान सलादीन याची कबर तिच्याखालीं आहे. कबर एकाची, पण त्या दालनांत पेट्या मात्र दोन आहेत. एक जुनी, कोरीव लांकडाची. दुसरी पांढऱ्या संगमरवराची. ही दुसरी जर्मनीचा कैसर विल्यम याची देणगी. १८९८ सालीं तो दमास्कसला गेला असतां त्यानें या कबरीपाशीं पुष्पचक्र वाहिलें व सलादीनची मोठी स्तुति केली. सलादीनचे अवशेष मात्र लांकडी पेटींतच राहिले. संगमरवरी पेटी रिकामी आहे. आणि आंत शिरणाऱ्याची नजर आधीं तिच्याकडेच जाते.

इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाला जो सलादीन ठाऊक असतो, तो बहुधा या दुसऱ्या पेटींतला. एके काळीं ज्या घरांत इंग्रजी पुस्तकांचें कपाट असे, तेथें स्कॉटच्या कादंबऱ्या असावयाच्याच. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली कीं स्कॉटचें नांव अजूनहि येतेंच. त्याची ‘टॅलिस्मन’ ही कादंबरी १८२५ सालची. तींत इंग्लंडचा राजा रिचर्ड तापानें अंथरुणाला खिळलेला आहे, शत्रूच्या गोटांतून एक हकीम येऊन त्याला बरा करतो, आणि हा हकीम म्हणजे वेष पालटून आलेला खुद्द सलादीन होता, असें मागाहून कळतें. वस्तुतः हे दोन राजे एकमेकांना कधींच भेटले नाहींत. रिचर्ड आजारी असतांना सलादीननें त्याला फळें व बर्फ पाठविलें, एवढें बीज खरें आहे. बाकीचा वृक्ष स्कॉटचा. कादंबरीकारानें भेट कल्पिली म्हणून त्याच्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. भांडण आहे तें निराळ्याच गोष्टीबद्दल. या कादंबरीला पुढें जोडलेल्या प्रस्तावनेंत स्कॉटनें आपला बेत उघड करून ठेवला आहे. ख्रिस्ती रिचर्ड हा एखाद्या पौर्वात्य सुलतानाला शोभेल असा क्रूर व अनावर, आणि सुलतान सलादीन हा एखाद्या युरोपीय राजाला शोभेल असा धोरणी व विवेकी, अशा उलटापालटीची त्याला गंमत वाटली होती. या कबुलीचा अर्थ नीट पाहिला तर सलादीनच्या स्तुतीची गोडी एकदम कमी होते. विवेक हा युरोपचा, क्रौर्य हें पूर्वेचें; सलादीनपाशीं विवेक होता म्हणून तो चुकून आपल्या लोकांत जन्मला, असा तो हिशेब आहे. एका माणसाला डोक्यावर घ्यावयाचें आणि त्याच हातानें त्याच्या सगळ्या समाजाला खालीं ढकलावयाचें, ही अपवादाची स्तुति होय. ती करणाऱ्याला आपण उदार आहों असें वाटतें, हा तिचा विशेष दोष. परक्या धर्माच्या थोर पुरुषाविषयीं बोलतांना आपल्याकडेहि सुशिक्षितांच्या बैठकींत हा सूर कधीं कधीं ऐकूं येतो. ज्यानें तो ऐकला असेल त्याला स्कॉटचा सलादीन अनोळखी वाटणार नाहीं.

स्कॉटच्या आधीं पांचशें वर्षें ही परंपरा चालू होती. दान्तेनें सलादीनला नरकांत न लोटतां त्याच्या उंबरठ्यावर, प्राचीन ग्रीक-रोमन सज्जनांच्या शेजारीं, पण एका बाजूला एकटाच असा उभा केला. बोकाचिओनें त्याच्याविषयीं गोष्टी लिहिल्या. त्यांपैकीं तीन अंगठ्यांची गोष्ट घेऊन लेसिंगनें १७७९ सालीं ‘नाथान’ हें नाटक रचलें. हाम्बुर्गच्या एका धर्मोपदेशकाशीं त्याचा वाद पेटला होता व धर्मविषयक लेखनावर त्याच्या धन्यानें बंदी घातली होती. तेव्हां जें निबंधांत बोलतां येईना तें त्यानें रंगभूमीवरून बोलून घेतलें. सलादीन येथेंहि घरच्या भांडणांत उगारलेली काठीच आहे. तरी लेसिंगच्या नाटकांत एक गोष्ट अशी आहे, जी स्कॉटच्या हातून निसटली. त्याच्या सुलतानाचा खजिना रिकामा आहे. इतकें दान चाललें आहे कीं, खजिन्यावर नेमलेला दरवेशी कंटाळून पळूं पाहतो. आणि पैशाच्या अडचणींतूनच सुलतान त्या ज्यू व्यापाऱ्याला आपल्यापुढें बोलावून अवघड प्रश्न विचारतो. सलादीनचें औदार्य व सलादीनची तंगी हीं दोन वेगळीं प्रकरणें नाहींत, हें लेसिंगला दिसलें होतें. माझ्या मतें सलादीनच्या चरित्राची किल्ली येथेंच आहे.

आश्चर्य असें कीं, ही किल्ली सर्वांत आधीं सांपडली ती त्याच्या शत्रूला. सूर—इंग्रजी पुस्तकांतलें टायर—येथील आर्चबिशप विल्यम हा जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचा चान्सलर होता. सलादीनचा उदय त्यानें स्वतः पाहिला व आपल्या लॅटिन इतिहासांत नोंदला. त्याचा ग्रंथ ११८४ सालाशीं थांबतो, म्हणजे पुढें कोसळलेलें संकट त्यानें लिहिलें नाहीं. पण त्याला तें दिसत होतें. सलादीनच्या शौर्यापेक्षां त्याच्या सढळ हाताचीच त्याला अधिक धास्ती वाटे. शहाण्या ख्रिस्ती माणसांना याच गुणामुळें त्याचा संशय येतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. कारण प्रजेचीं व सरदारांचीं मनें बांधून घेण्यास याहून बळकट दोरी नाहीं. विल्यम हा राज्यकारभारांत मुरलेला माणूस होता. तो औदार्याकडे अलंकार म्हणून पाहत नाहीं, हत्यार म्हणून पाहतो. पुढच्या सहाशें वर्षांत कवींनीं आणि कादंबरीकारांनीं या हत्याराची धार काढून टाकली आणि तें दिवाणखान्यांत टांगून ठेवलें.

हत्यार तें होतेंच. कारण दुसरें कोणतेंहि बळकट साधन त्याच्यापाशीं नव्हतें. सलादीनला वंशाचा हक्क नव्हता. युसुफ हें त्याचें नांव; सलादीन ही पदवी, अर्थ ‘धर्माचें कल्याण’. ११३७ किंवा ११३८ सालीं टायग्रिसच्या कांठीं तिक्रित येथें एका कुर्द किल्लेदाराच्या घरीं तो जन्मला. बाप अय्यूब व चुलता शिर्कूह हे दोघेहि तुर्क राजांच्या पदरचे नोकर. शामचा राजा नूरुद्दीन यानें शिर्कूहला मिसरच्या मोहिमेवर धाडलें, तेव्हां पुतण्या नाखुषीनेंच बरोबर गेला. ११६९ सालीं शिर्कूह कैरोंत वजीर झाला व दोन महिन्यांतच वारला. वजिरी पुतण्याकडे आली. धनी दोन: कैरोचा शिया खलिफा समोर बसलेला, आणि दमास्कसचा सुन्नी नूरुद्दीन पाठीमागें. अशा तारेवर हा तिशीचा तरुण उभा राहिला. त्याच सालीं खलिफाच्या हबशी पलटणींनीं बंड केलें. तेव्हां त्यांचीं बायकामुलें जेथें राहत होतीं त्या वस्तीला आग लावून त्यानें तें मोडलें. ११७१ सालीं शुक्रवारच्या खुतब्यांत बगदादच्या खलिफाचें नांव घेतलें गेलें आणि मिसरची शिया खिलाफत संपली. ११७४ सालीं नूरुद्दीन वारला. त्याचा वारस अल्पवयी मुलगा. सलादीन दमास्कसला आला तो या मुलाचा पाठिराखा म्हणून. राहिला तो मालक म्हणून. पुढचीं बारा वर्षें हमा, हलब, मोसल असें करीत तो मुख्यतः मुसलमान राजांशींच लढत होता. हें सर्व धर्मयुद्धाच्या तयारीसाठीं, असें त्याचे पत्रलेखक सर्व दरबारांना कळवीत. मोसलच्या लोकांना तें पटत नसे, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें कोणी समजूं नये.

अशा राज्याला चिकटवून ठेवणारी गोष्ट कोणती? आपल्याकडे जिला सरंजाम म्हणत तीच पद्धत तेथें निराळ्या नांवानें होती: सरदाराला मुलखाचा वसूल तोडून द्यावयाचा आणि त्यानें ठराविक फौज घेऊन हंगामापुरतें चाकरीला यावयाचें. पण सलादीनच्या सरदारांना धन्याच्या घराण्याविषयीं पिढ्यांची निष्ठा नव्हती. काल ते नूरुद्दीनचे होते. त्यांना धरून ठेवावयाचें तर आज द्यावें लागे, आणि उद्यां द्यावयाला नवा मुलूख जिंकावा लागे. त्याचा विश्वासू मंत्री काझी अल्-फाझिल यानें हा हिशेब मार्मिकपणें मांडला आहे: मिसरचा पैसा शाम घेण्यांत गेला, शामचा पैसा फुराताच्या पलीकडचा मुलूख घेण्यांत, आणि त्या मुलखाचा किनारा जिंकण्यांत. मंत्र्याच्या या शब्दांत धन्याचें कौतुक किती आणि उसासा किती, हें सांगणें कठीण आहे.

आतां मित्राचें पुस्तक पाहूं. बहाउद्दीन इब्न शद्दाद हा मोसलचा विद्वान ११८८ सालीं सलादीनच्या चाकरींत आला. लष्कराचा काझी झाला, आणि धन्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याजवळ राहिला. त्यानें लिहिलेलें चरित्र हें मध्ययुगांतील चरित्रवाङ्मयाचें एक भूषण आहे. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलीं वर्षें जेमतेम पांच. हत्तीनची लढाई व जेरुसलेमचा विजय यांच्या वेळीं तो नव्हता. पुस्तकाची रचना जुन्या वळणाची आहे. आधीं गुणांचीं प्रकरणें—धर्मनिष्ठा, न्याय, औदार्य, धैर्य, क्षमा—आणि मग घडलेला वृत्तान्त. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या दिवंगत स्वामीची बखर लिहिली, तिच्यांतला आदर ज्यानें ओळखला आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. फरक इतकाच कीं, काझीजवळ बारीकसारीक दृश्यें टिपण्याची विलक्षण हौस आहे. अक्काच्या वेढ्यांत सुलतानाच्या कमरेपासून गुडघ्यांपर्यंत गळवें झालीं होतीं, बसून जेवतांहि येत नव्हतें. पण घोड्यावर असेपर्यंत वेदना जाणवत नाहीं असें म्हणून तो दिवसभर फिरे. एक गुलाम दुसऱ्याला जोडा फेकून मारतो, तो सुलतानाच्या जवळ येऊन पडतो, आणि सुलतान पाहिलेंच नाहीं असें दाखवून दुसरीकडे तोंड फिरवितो. एका फिरंगी बाईचें तान्हें मूल चोरांनीं पळविलें. ती रडत छावणींत आली, तेव्हां बाजारांत विकलें गेलेलें तें मूल पैसे देऊन परत आणविलें आणि तिच्या ओटींत घातलें. सुलतानाच्या डोळ्यांत तेव्हां पाणी होतें, आणि जवळ उभ्या असलेल्या काझीनें तें पाहिलें. (आपल्या ‘फिरंगी’ शब्दाचा मूळ पुरुष याच लढायांतला फ्रँक होय, अरबी-फारशींतून फिरत तो आपल्याकडे आला तोंवर त्याच्या अंगावर पोर्तुगीज पोशाख चढला होता.)

औदार्याच्या प्रकरणांत काझी जें सांगतो तें वाचून हंसूं येतें व काळजीहि वाटते. खजिन्यावरचे कामगार अडीनडीसाठीं कांहीं रक्कम सुलतानापासून लपवून ठेवीत. त्याला कळली तर ती उरणार नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. अक्काच्या मैदानांत त्यानें वांटलेल्या घोड्यांची मोजणी कोणी केली ती १०,००० भरली. ११९३ सालच्या मार्चांत तो वारला तेव्हां खजिन्यांत एक सोन्याचें नाणें व ४७ दिरहम निघाले, आणि उत्तरक्रियेचें सामान उधारीनें आणावें लागलें. काझी हें साधुत्वाचें लक्षण म्हणून सांगतो. तें तसें असेलहि. पण मिसर, शाम व फुराताकांठचा एवढा मुलूख असलेल्या राजाचा खजिना ज्या दिवशीं असा निघतो, त्या दिवशीं त्याच्या मुलांच्या हातीं काय आलें, हाहि प्रश्न चरित्रकाराला पडावयाला हवा होता.

आणखीहि एका ठिकाणीं मित्राचें पुस्तक आपल्याला थबकवितें. ११९१ सालीं हलब येथें सुहरावर्दी नांवाचा एक तत्त्वज्ञ मारला गेला. तो पस्तिशी-छत्तिशींतला होता. त्याच्या ‘प्रकाशा’च्या तत्त्वज्ञानाचा पुढें इराणी विचारावर फार मोठा परिणाम झाला. हलबच्या धर्मपंडितांना त्याचीं मतें पाखंडी वाटलीं, आणि सलादीनच्या हुकमावरून त्याच्या मुलानें त्याला ठार करविलें. काझी ही हकीकत लपवीत नाहीं. कोठें सांगतो, तर धर्मनिष्ठेच्या प्रकरणांत, गुणांचें उदाहरण म्हणून! लेसिंगच्या तीन अंगठ्यांच्या सुलतानाला या पानावर आणून उभें केलें तर त्याला स्वतःची ओळख पटणार नाहीं. उलट असेंहि म्हणतां येत नाहीं कीं, हें पान खरें आणि तान्ह्या मुलाचें पान खोटें. दोन्हीं पानें एकाच साक्षीदाराचीं आहेत, आणि दोन्हीं तो सारख्याच समाधानानें लिहितो. जुन्या काळच्या मित्राची साक्ष मोलाची असते ती यामुळें कीं, आपल्याला काय खुपेल हें त्याला ठाऊक नसतें. त्यामुळें तो कांहीं झांकीत नाहीं.

हत्तीनची लढाई ४ जुलै ११८७ या दिवशीं झाली. उन्हाळ्याच्या भरांत पाण्यापासून तोडलेलें ख्रिस्ती सैन्य तहानेनें अर्धमेलें झालें होतें. लढाईनंतर तंबूंत आणलेल्या राजा गायला सलादीननें थंड पाणी दिलें. आणि तहाच्या दिवसांत काफिले लुटणारा रेनॉल्ड त्याच्याच शेजारीं उभा होता, त्याला स्वतःच्या हातानें तरवारीचा घाव घातला. ही हकीकत सगळे सांगतात. दोन दिवसांनीं टेम्पलर व हॉस्पिटलर पंथांचे दोनशेंहून अधिक कैदी रांगेनें आणून मारले गेले; मारण्याचें काम सैन्याबरोबर आलेल्या सूफींनीं व मौलवींनीं मागून घेतलें; कित्येकांना तरवार धड चालवितां येत नव्हती. सुलतान समोर बसून प्रसन्न मुद्रेनें पाहत होता. ही हकीकत स्कॉटला सोईची नव्हती. ती सांगणारा कोणी शत्रु नव्हे. त्याचा चिटणीस इमादुद्दीन यानें ती मोठ्या यमकजमकांनीं सजवून लिहिली आहे.

२ ऑक्टोबर ११८७ रोजीं जेरुसलेम त्याच्या हातीं आलें. १०९९ सालीं क्रुसेडवाल्यांनीं तें शहर घेतलें तेव्हां आंतल्या मुसलमान व ज्यू रहिवाशांची सरसहा कत्तल झाली होती. अठ्ठ्याऐंशीं वर्षांनीं सलादीन आंत शिरला तेव्हां कत्तल झाली नाहीं. त्याच्या कीर्तीचा हा पाया आहे, आणि तो भक्कम आहे. पण ही दया आकाशांतून पडली नाहीं. प्रथम त्यानें अटी देण्याचें नाकारलें होतें. शहर तरवारीनें घेऊन १०९९ चा हिशेब फेडावयाचा, असा त्याचा मनोदय होता. शहराचा रखवालदार बालियान यानें बाहेर येऊन निर्वाणीचें सांगितलें कीं, अटी नसतील तर आम्हीं आमच्या ताब्यांतले मुसलमान कैदी मारूं, तुमचीं पवित्र स्थानें पाडूं आणि मग मरूं. तेव्हां सलादीननें सरदारांशीं मसलत केली आणि तह झाला: पुरुषामागें १० दिनार, बाईमागें ५, मुदत चाळीस दिवसांची, आणि एक ठोक रक्कम घेऊन सुमारें ७,००० गरिबांची सुटका. त्याच्या भावानें एक हजार माणसें आपल्या वांट्याला मागून घेतलीं आणि सोडून दिलीं. सुलताननें म्हाताऱ्यांना खंडणीवांचून जाऊं दिलें. ख्रिस्ती धर्मगुरु मात्र स्वतःचे १० दिनार भरून चर्चची संपत्ति गाड्यांवर लादून निघून गेला, आणि त्याच्या पाठीमागें ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें ते राहिले. सुमारें १५,००० माणसें गुलामगिरींत गेलीं, असें इमादुद्दीनच नोंदवून ठेवतो.

या प्रसंगीं मला जें मोलाचें वाटतें तें हृदयपरिवर्तन नव्हे. तहाचा शब्द एकदां दिल्यावर त्यानें तो शहराच्या प्रत्येक दारावर पाळवून घेतला, हें मोलाचें आहे. विजयाच्या दिवशीं फौजेला आवरून धरणें हें भल्याभल्या सेनापतींना जमत नाहीं. पुढें चार वर्षांनीं अक्का पडलें. ठरलेली खंडणी व कैदी यांवरून घोळ झाला, आणि रिचर्डनें सुमारें २,७०० शरणागत कैदी शहराबाहेर नेऊन कापून काढले. त्यानंतर हातीं लागलेले कित्येक फिरंगी सलादीननेंहि मारविले, हें खरें. पण जेरुसलेमच्या तहाच्या वेळीं जें त्यानें केलें तें कोणाच्याहि तोडीला उतरतें, तें यामुळेंच.

याच औदार्याचा दुसरा भाग इब्न-अल्-असीर सांगतो. हा इतिहासकार मोसलचा, सलादीननें ज्या घराण्याला बाजूला सारलें त्याच्या निष्ठेंतला. म्हणून त्याच्या लेखनांत थोडें तिखट आहे. पण त्यानें ठेवलेला एक ठपका अजून कोणाला नीट खोडून काढतां आलेला नाहीं. अटी देऊन मोकळे केलेले सगळे फिरंगी एकामागून एक सूरच्या तटबंदींत जमा झाले; त्यांना वाट कोणीं दिली, तर सलादीननेंच. सूर पडलें नाहीं. ११८८ च्या आरंभीं वेढा उठवावा लागला. युरोपांतून आलेल्या नव्या फौजांना किनाऱ्यावर पाय ठेवावयाला जागा राहिली ती येथें, आणि राजा गाय अक्कावर चालून गेला तोहि येथूनच. इतिहासकाराच्या मतें याचा दोष दुसऱ्या कोणाकडे जात नाहीं. आधुनिक लेखक उत्तर देतात कीं, झटपट तह केले नसते तर एका हंगामांत इतके किल्ले पडलेच नसते. हंगाम संपला कीं सरंजामी फौज घरीं जाते, आणि तिला लूट हवी असते, वेढे नको असतात. उत्तर योग्य आहे. पण त्या उत्तरानें ठपका पुसला जात नाहीं. उलट तो खोल जातो. ज्या रीतीनें राज्य उभें राहिलें तिनेंच त्याला वेगवान केलें, आणि तिनेंच त्याला थांबून राहणें अशक्य करून सोडलें.

अक्काचा वेढा जवळजवळ दोन वर्षें चालला. फिरंगी शहराला वेढून बसलेले आणि सलादीन त्या वेढणाऱ्यांना वेढून बसलेला. ११९१ च्या आरंभीं त्याचा शूर पुतण्या तकीउद्दीन आपल्या नव्या जहागिरीचा बंदोबस्त करावयाला म्हणून फुरातापार निघून गेला आणि तिकडे स्वतःची निराळीच लढाई करीत बसला. अक्का जुलैंत पडलें. तकीउद्दीन त्याच शरदांत तिकडेच वारला, आणि लगोलग त्याच्या मुलानें बापाची जहागीर आपल्याला मिळावी म्हणून आडमुठेपणा सुरू केला. ती मृत्यूची वार्ता हातीं आल्यावर सलादीन रडला, असें काझी सांगतो; बातमी शत्रूला कळूं नये म्हणून त्यानें सर्वांना डोळे पुसावयाला लावलें. ११९२ च्या उन्हाळ्यांत रिचर्ड जेरुसलेमच्या जवळ आला असतांना सुलतानाची एक रात्र अशीच गेली. शहर कोणीं राखावयाचें यावर कुर्द व तुर्क सरदारांचें एकमत होईना. काझीनें त्याला प्रार्थना करावयाला सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं नमाजाच्या वेळीं त्याचे अश्रु सतरंजीवर पडतांना पाहिले. लेन-पूलपासून आजपर्यंतचे चरित्रकार हें दृश्य भक्तीचें म्हणून देतात. मला त्यांत सर्व आयुष्य देत आलेला आणि आतां द्यावयाला कांहीं न उरलेला राजाहि दिसतो. त्या सप्टेंबरांत तीन वर्षें आठ महिन्यांचा तह झाला. जेरुसलेम सलादीनकडे राहिलें, सूरपासून जाफापर्यंतचा किनारा फिरंग्यांकडे. सहा महिन्यांनीं सलादीन गेला.

त्याच्या मागें राहिलें तें असें. मुलांत दमास्कस, कैरो व हलब यांची वांटणी झाली आणि भांडणें लागलीं. सातआठ वर्षांच्या आंत, हलब वगळतां, सारें त्याच्या भावाच्या हातीं गेलें. त्याची आठवण पूर्वेंत बुजून गेली होती आणि युरोपानें ती परत आणली, असें अलीकडे पुष्कळदां ऐकूं येतें. तें अर्धवट खरें आहे. तेराव्या शतकांतच दमास्कसच्या अबू शामानें नूरुद्दीन व सलादीन या दोघांच्या कारकीर्दींवर मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि विद्वानांत तो वाचला जात होता. बदल झाला तो उपयोगांत. १८७२ सालीं तुर्की लेखक नामिक कमाल यानें त्याचें चरित्र लिहिलें तेव्हां युरोपाचा दाब वाढत होता. १९६३ सालीं कैरोंत त्याच्यावर चित्रपट निघाला तेव्हां अरब ऐक्याचे दिवस होते आणि नासरचें राज्य होतें. तिक्रितच्या आसपास जन्मलेला सद्दाम हुसेन तर स्वतःला त्याच्या पंक्तींत बसवी. १९८८ सालीं याच सद्दामनें इराकांतील कुर्दांची कत्तल चालविली, आणि सलादीन कुर्द होता. कैसरनें वाहिलेलें सोनेरी पुष्पचक्र १९१८ सालीं लॉरेन्सनें उचललें. तें लंडनच्या संग्रहालयांत गेलें. ज्याला जें हवें तें त्या कबरींतून प्रत्येकानें नेलें आहे.

ज्यांना इंग्रजी येतें त्यांनीं बहाउद्दीनचें चरित्र डी. एस्. रिचर्ड्स यांच्या भाषांतरांत अवश्य वाचावें. मराठींत तें कोणी आणलें तर टॅलिस्मनच्या दहा आवृत्त्यांहून अधिक उपकार होतील. भाषांतरकारानें एवढेंच करावें कीं, सुहरावर्दीचें पान गाळूं नये आणि तान्ह्या मुलाचें पान रंगवूं नये.

काझी स्वतः धन्यामागून चाळीस वर्षें जगला. हलबला सलादीनच्या मुलाजवळ तो राहिला, तेथें त्यानें मदरसा बांधला आणि १२३४ सालीं देह ठेवला. प्रसिद्ध चरित्रकोशकार इब्न खल्लिकान यानें तरुणपणीं, १२२९ च्या सुमारास, त्याला हलबला पाहिलें होतें. अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलासारखा तो म्हातारा दुबळा झाला होता, नमाजाला उठतांना सुद्धां त्रास होई. अंगांत सदा थंडी. म्हणून केसाळ कातड्यांचीं वस्त्रें घालून तो एका कोनाड्यांत निखाऱ्यांच्या शेगडीजवळ बसे. त्याच १२२९ सालीं सलादीनचा पुतण्या अल्-कामिल यानें आपल्या भाऊबंदांशीं चाललेल्या भांडणापायीं जेरुसलेम बादशहा फ्रेडरिकच्या स्वाधीन केलें. लढाई झाली नाहीं; शहर तहानें दिलें गेलें.